पाखरांसाठी कॅमेरा घेताना



गेल्या महिन्यात इतवारीतील एका वाचक भगिनींचे पत्र आले. पत्र चार पानी आहे; त्यातील मुख्य मजकूर असा :

"माझा नातू एकोणीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून दर रविवारी पहाटे पाचला उठून कधी गोरेवाड्याला, कधी अंबाझरीला पाखरे पाहायला जातो. वहीत तारीखवार नोंदी करतो. आजवर एकशे चौदा जाती झाल्या म्हणतो. आता त्याला कॅमेरा हवा आहे. दिवाळीत आमच्या मुदत ठेवीचे दीड लाख रुपये मोकळे होतात. हे म्हणतात, देऊन टाकू. सूनबाईंना हा खर्च अनाठायी वाटतो. मला दोन गोष्टी सांगा. कॅमेरा कोणता घ्यावा? आणि पाखरांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणे आपल्या घराला शोभते का? त्यात त्यांना त्रास देणे येत नाही का?"

ताई, आपले दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. कॅमेरा कोणता, हे पाखरू किती अंतरावर आहे यावर ठरते. आणि ते अंतर राखावयाचे की नाही, यावर आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरते. म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करू.

आधी थोडा पूर्वेतिहास. आपल्या देशातील पक्षीविद्येची सुरुवात कॅमेऱ्याने नव्हे, बंदुकीने झाली. पक्षी ओळखावयाचा तर तो मारून, त्याच्या कातड्यात भुसा भरून तो संग्रहालयात ठेवावयाचा, हीच तेव्हाची अभ्यासाची रीत होती. डॉ. सालिम अली (जन्म १२ नोव्हेंबर १८९६) यांचा पक्षीजीवनात प्रवेशही असाच झाला. बालपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने पिवळ्या कंठाची एक चिमणी पाडली आणि ती कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीची आठवण ठेवली.

आता दुसरे टोक पाहा. रानपिंगळा हे लहानसे घुबड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर कोणाला खात्रीने दिसलेच नव्हते. ते नामशेष झाले असावे, असे मानले जाई. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळच्या, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील रानात पुन्हा आढळले. या वेळी पक्षी मारण्याची गरज पडली नाही. छायाचित्रे आणि चित्रफीत हाच पुरावा ठरला. आज मेळघाटातही त्याचे वास्तव्य नोंदले गेले आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांतून क्वचितच ठाऊक असते. जुन्या कॅमेऱ्यातील फिल्मवर जो संवेदनशील थर असे, तो जिलेटिनचा असे आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. डिजिटल कॅमेऱ्याने निदान छायाचित्र टिपण्याच्या टप्प्यावरून ते जिलेटिन दूर केले. कॅमेऱ्यासोबत चामड्याचा पट्टा वा पिशवी घेण्याचेही कारण नाही; कापडी आणि नायलॉनचे पट्टे सर्वत्र मिळतात व घामाने खराबही होत नाहीत.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. दुकानात गेल्यावर विक्रेता प्रथम मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. पाखरांच्या बाबतीत तो आकडा सर्वांत शेवटी विचारावा. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : पोच, प्रकाश आणि चपळाई.

पोच म्हणजे लेन्सची लांबी. ती मिलिमीटरमध्ये सांगतात. शिंजिर हा पक्षी जेमतेम चार इंचांचा. तो दहा मीटर अंतरावरील फांदीवर बसला असेल, तर मोबाइलच्या चित्रात तो ठिपक्याएवढा दिसतो. पाखरांसाठी निदान ४०० मिलिमीटरची लेन्स हवी. येथे एक उपयुक्त हिशेब आहे. मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत, ज्यांना बाजारात 'क्रॉप सेन्सर' किंवा 'एपीएस-सी' म्हणतात, चित्राची चौकट आखूड असल्यामुळे तीच लेन्स दीडपट लांब असल्यासारखी वाटते. कॅननच्या कॅमेऱ्यात हे प्रमाण १.६ आहे, म्हणजे ४०० ची लेन्स ६४० सारखी काम करते. त्यामुळे पाखरे टिपणाऱ्याने महागडा 'फुल फ्रेम' कॅमेरा नसल्याची खंत बाळगू नये. या कामात लहान चौकट सोयीचीच पडते.

प्रकाश म्हणजे लेन्सचे तोंड किती उघडते. हा आकडा एफ ५.६, एफ ८ असा लिहिलेला असतो. आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक. एफ ८ वर एफ ५.६ च्या निम्माच प्रकाश आत येतो. पाखरे सर्वाधिक हालचाल करतात ती सूर्योदयाच्या सुमारास, आणि नेमका तेव्हाच उजेड कमी असतो. बसलेल्या पाखरासाठी शटरचा वेग साधारणतः सेकंदाचा पाचशेवा भाग आणि उडणाऱ्यासाठी दोन हजारावा भाग लागतो. एवढ्या अल्पकाळात पुरेसा उजेड आत यावा, यासाठीच मोठ्या तोंडाच्या लेन्स असतात. त्यांचे वजन आणि किंमत मात्र त्याच प्रमाणात वाढते. ६०० मिलिमीटर, एफ ४ ची लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते. तिचा विचार आपल्यासारख्यांनी करावयाचे कारण नाही.

चपळाई म्हणजे कॅमेरा पाखरावर किती लवकर नजर ठरवतो. अलीकडच्या मिररलेस कॅमेऱ्यांत पाखराचा डोळा आपोआप ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय असते. पानांच्या गर्दीत शिरलेला वटवट्या टिपताना तिचे मोल कळते. या कॅमेऱ्यांचे इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करीत नाही, हाही मोठा लाभ आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या आरशाचा खटका ऐकून शेजारच्या फांदीवरील दयाळ उडून गेलेला मी अनेकदा पाहिला आहे.

या तीन कसोट्या लावल्या की दीड लाखाच्या आत तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग एकसंध लेन्सच्या 'ब्रिज' कॅमेऱ्याचा. निकॉनचा पी ९५० हे त्याचे परिचित उदाहरण. वजन सुमारे एक किलो, आणि ८३ पट झूममुळे त्याची पोच २००० मिलिमीटरच्या तोडीची. अंबाझरीच्या बांधावर उभे राहून मध्यभागातील बदकांच्या चोची ओळखता येतात. लेन्स बदलावयाची नसल्यामुळे आत धूळ जात नाही. दोष एकच, पण मोठा : याचा सेन्सर फार लहान असतो. एपीएस-सी सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या दहापटींहून अधिक भरते. त्यामुळे कमी उजेडात चित्र रवाळ येते आणि उडत्या पाखरावर फोकस धरताना कॅमेरा मागे पडतो. ज्याला ओळखीसाठी, नोंदीसाठी चित्र हवे, त्याला हा पुरेसा आहे. घरातील वडीलधाऱ्यांनाही तो सहज हाताळता येतो.

दुसरा मार्ग लहान मिररलेस कॅमेरा आणि हलकी लेन्स यांचा. कॅननच्या आर ५० किंवा आर १० या कॅमेऱ्यांना आरएफ १००-४०० ही लेन्स जोडली की हा संच तयार होतो. या लेन्सचे वजन केवळ ६३५ ग्रॅमच्या आसपास आहे. सायकलवरून गोरेवाड्याला जाणाऱ्या मुलाच्या पाठीला ते जाणवणारही नाही. चारशेवर तिचे तोंड एफ ८ एवढेच उघडते, ही तिची मर्यादा. पावसाळी ढगाळ सकाळी ती जाणवते. पण नागपूरच्या हिवाळ्यात सात-साडेसातनंतर इतका स्वच्छ उजेड असतो की फारशी अडचण येत नाही. आर ५० बरोबरचा संच सवा लाखाच्या आसपास जातो. आर १० त्याहून थोडा वर. भाव दुकानागणिक आणि सवलतीगणिक बदलतात.

तिसरा मार्ग जुन्या, वापरलेल्या डीएसएलआरचा. निकॉनचा डी ७५०० आणि २००-५०० मिलिमीटर, एफ ५.६ ची लेन्स ही जोडी आजही उत्तम चित्रे देते. मोठ्या कंपन्यांनी नवे डीएसएलआर आणणे जवळजवळ थांबवल्यामुळे वापरलेला संच पुष्कळ स्वस्त मिळतो. मात्र एकट्या लेन्सचेच वजन सुमारे २.३ किलो आहे. घेताना शटर किती वेळा दाबले गेले, हा आकडा अवश्य पाहावा; डी ७५०० चे शटर दीड लाख वेळांच्या हिशेबाने बनवलेले आहे. लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, हेही पाहावे. आणि नवे असो वा जुने, पक्के बिल घेतल्याविना व्यवहार करू नये. बिलाविना चार-पाच हजार वाचतात. पण हमी मिळत नाही आणि चोरीचा माल घरात येण्याचा धोका राहतो, तो वेगळाच.

आपल्या नागपूरच्या हवेसंबंधीही काही सांगणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात नऊनंतर जमीन तापते, हवा लहरू लागते आणि दूरचे चित्र पाण्याखाली असल्यासारखे विरघळते. हा दोष कोणत्याही किमतीच्या लेन्सने जात नाही. त्या काळात सकाळीच काम उरकावे. पावसाळ्यात दमट हवेमुळे लेन्सवर बुरशी धरते. म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा आणि पुड्या अधूनमधून वाळवाव्यात. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या जिप्सीत तिपाईचा उपयोग होत नाही. तेथे कापडी पिशवी भरून उशीसारखी लेन्सखाली ठेवतात. बहुतेक जण तीत तांदूळ वा मूग भरतात. आपण तसे करू नये. पावसाळ्यात त्या धान्यात कीड पडते आणि पिशवी झटकली की नाहक जीवहानी होते. जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात प्लास्टिकचे मणी भरले, तर तेच काम होते.

येथवर सारे यंत्राविषयी झाले. ताई, आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच एका चुकीतून द्यावे लागेल.

बारा वर्षांपूर्वी आमच्या अंगणातील जास्वंदीत बुलबुलाने घरटे केले. एप्रिल संपत आला होता. दोन पिले झाली. माझ्याकडे नवा कॅमेरा होता आणि लांब लेन्स नव्हती. चित्रात दोन पाने आड येत होती, म्हणून मी ती डहाळी अलगद बाजूला ओढून दोऱ्याने बांधली. पानही तोडले नाही, याचे मला तेव्हा समाधान वाटले होते. चोच उघडलेल्या दोन्ही पिलांचे सुंदर चित्र मिळाले. मग कोणी भेटावयास आले आणि डहाळी सोडावयाची राहिली. दुपारी पारा चव्वेचाळीसवर होता. ती दोन पानेच त्या घरट्याची सावली होती. संध्याकाळी मला आठवण झाली तेव्हा दोन्ही पिले गेलेली होती, आणि मादी चोचीत अळी धरून तारेवर बसली होती.

ज्यांनी ते चित्र पाहिले त्यांनी त्याची वाखाणणी केली. मी ते भिंतीवर कधी लावले नाही. त्या वर्षी क्षमापनेच्या दिवशी आप्तेष्टांना पत्रे लिहिताना मला प्रत्येक पत्रागणिक ती तारेवरची मादी आठवत होती.

हे सांगण्याचे कारण असे की, माझ्या मनात हिंसा नव्हती. असावधपणा होता, आणि चित्राचा मोह होता. पाखरांच्या छायाचित्रणात जी हानी होते ती बहुधा अशाच सज्जन, हौशी माणसांकडून होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे याचाही समावेश आहे, हे मला पुढे वाचनातून कळले. कायद्याच्या भाषेतही मी त्या दिवशी काय केले, त्याला तोच शब्द होता.

तेव्हापासून मी जे नियम पाळतो ते आपल्या नातवाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावेत, ही विनंती.

घरट्याचे छायाचित्र काढावयाचे नाही. कितीही चांगली लेन्स असली तरी नाही. अनेक नामांकित स्पर्धाही आता अशी चित्रे स्वीकारीत नाहीत.

पाखराने खाणे थांबवून आपल्याकडे मान वळवली, की आपण फार जवळ आलो. तेथेच थांबावे, शक्य तर दोन पावले मागे यावे. पाखरू आपल्यामुळे उडाले, तर ते चित्र फसले असे समजावे.

मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्याकडील रानांत नवरंग येतो. ध्वनिमुद्रित शीळ ऐकली की प्रतिस्पर्धी आला असे समजून नर आपली वीण आणि चारा सोडून धावत येतो. दहा जणांनी दहा वेळा असे केले, तर त्याची सकाळ नसलेल्या शत्रूच्या शोधात जाते.

रात्रीच्या घुबडावर फ्लॅश टाकू नये. आणि दुर्मीळ पाखरू कोठे दिसले, ते ठिकाण मित्रमंडळींत लगोलग जाहीर करू नये. दुसऱ्या दिवशी तेथे गाड्यांची रांग लागते.

आता लक्षात येईल की लांब लेन्स ही केवळ हौस नाही. ज्याच्याकडे पोच आहे त्याला जवळ जाण्याचा मोह कमी होतो. त्या अर्थाने, आपल्या नातवाला केवळ पन्नास मिलिमीटरच्या लेन्सचा स्वस्त कॅमेरा देणे हे अधिक धोक्याचे. खर्च करावयाचाच असेल तर तो लेन्सवर करावा, कॅमेऱ्याच्या बॉडीवर नव्हे.

सूनबाईंचे म्हणणेही मला दुर्लक्षिण्याजोगे वाटत नाही. या छंदात एक वस्तू आली की ती दुसरीला बोलावते. नवी लेन्स, नवी तिपाई, पुढच्या वर्षी नवे मॉडेल. परिग्रहाला सीमा घालण्याची शिकवण आपण ज्या घरात देतो, तेथे खरेदीपूर्वीच ती सीमा ठरवावी. म्हणून माझी सूचना अशी.

दिवाळीत प्रथम एक ८ × ४२ ची दुर्बीण घ्यावी. आठ-दहा हजारांत कामापुरती चांगली मिळते आणि ती घरातील सर्वांच्या उपयोगी पडते. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. पाच तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची आणि बारा सालिम अलींच्या. चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. नवेगावबांधच्या जलाशयाकाठी त्यांनी कित्येक वर्षे काढली आणि मराठीला पक्षिकोश दिला. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांनी जे पाहिले ते प्रामुख्याने डोळ्यांनी पाहिले आणि वहीत उतरवले. आपला नातू त्याच वाटेवर आहे. वहीतील एकशे चौदा नोंदी ही त्याची खरी पात्रता. कॅमेरा मागणारी पुष्कळ मुले माझ्याकडे येतात. वही असलेली फार थोडी.

डिसेंबरात सीताबर्डीच्या बाजारातून वा लग्नाचे छायाचित्रण करणाऱ्या एखाद्या परिचिताकडून वरील दुसऱ्या मार्गाचा संच दोन दिवसांसाठी भाड्याने घ्यावा. एक सकाळ अंबाझरीला आणि एक सकाळ खिंडसीला जावे. रामटेकला शांतिनाथांच्या दर्शनास आपण जाताच. तेथून खिंडसी जवळच आहे. हिवाळ्यात पाण्यावर चक्रवाक उतरतात. दोन दिवसांत हाताला वजन, डोळ्याला उजेड आणि मनाला संयम किती झेपतो, ते कळेल. झेपले, तर जानेवारीत घ्यावा. माझा कौल आर ५० आणि १००-४०० या संचाला आहे. उरलेली रक्कम ठेवीत परत जावी. आणि पुढील पाच वर्षे नवे काही मागावयाचे नाही, असे त्याने आजोबांसमोर कबूल करावे.

एक विनंती अखेरची. पहिले छायाचित्र आले की ते आजीने पाहावे आणि एवढेच विचारावे : "हे काढल्यावर पाखरू काय करीत होते?" ते तेथेच बसून चरत होते, असे उत्तर आले, तर ठेवीचे पैसे योग्य जागी गेले असे समजावे.

पत्राचे उत्तर लांबले, क्षमस्व. नातवास आशीर्वाद.